शेवंताक्कांनी माफ केलं नाही

माझं लिहिणं चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमत नव्हतं आणि आता बोटं खुरप्याच्या मुठीला वळलेली आहेत. पेन धरलं की अक्षरं शेरडांसारखी चार दिशांना पळतात. खताच्या दुकानातून फुकट मिळालेल्या डायरीत लिहिते आहे आणि पेटीत तळाला ठेवणार आहे. तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुकांची माफी आधीच मागून ठेवते. माफी मी मागू शकते. जिच्याबद्दल लिहायचं आहे त्या बाईकडं माफीचं खातंच नव्हतं.

लिहायला बसले ती रागानं. शेवंताक्कांच्या तेराव्याला गावातल्या एका पुढाऱ्यानं हात जोडून भाषण केलं. आक्का किती शांत, किती मायाळू, कुणाबद्दल मनात काही ठेवलं नाही, सगळ्यांना मोठ्या मनानं माफ केलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मी मागं भिंतीला टेकून बसले होते. उठून खोटं आहे म्हणावं असं फार वाटलं. जमलं नाही. चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, तो आजवर एकदाच फुटला. म्हणून कागदावर सांगते, आक्कांनी कुणालाही माफ केलं नाही. त्यातच त्यांचा मोठेपणा होता.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या कोरड्या भागातलं. माझं माहेर कोरेगावकडचं, पाटाच्या पाण्याचं. लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या दारात डालग्याखाली पिल्लं झाकत एक काळीसावळी, उंच बाई उभी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "उसाच्या गावची हायस व्हय? मग हितं काय चघळनार?" त्या शेवंताक्का. त्यांच्या घरातली माणसं पूर्वी मेंढरांमागं फिरायची. आक्कांच्या सासऱ्यांनी मेंढरं मोडून अडीच एकर माळ घेतला, तेव्हापासून घर एका जागी आलं. नवरा लवकर गेला. मेंढरं गेली, नवरा गेला, मग आक्कांनी कोंबड्या धरल्या. पन्नास-साठ कोंबड्या नेहमी दारात. दिवसभर माळावर किडे उकरायच्या आणि दिवस कलला की दारातल्या कडुलिंबावर चढून बसायच्या.

आक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोण कधी काय वाईट वागलं ते त्यांना तोंडपाठ होतं. त्याची आठवण ठेवायची त्यांची एक रीत होती. कापायचा कोंबडा वाढवायला घेतला की त्याला त्या माणसाचं नाव द्यायच्या. धाकट्या दिरानं बांध कोरून दोन हात रान आपल्यात ओढलं, तेव्हा एका तुरेवाल्या कोंबड्याचं नाव पडलं धाकलं भावजी. मग सकाळ-संध्याकाळ सगळ्या गल्लीला ऐकू जायचं, "धाकलं भावजी लय माजल्यात गं. धाकलं भावजी दुसऱ्याच्या दाण्यात चोच घालत्यात. येत्या आखाडात धाकल्या भावजीची मान मुरगाळायची हाय."

दीर एक दिवस येऊन उभे राहिले. "वैनी, लोकं हसत्यात वो."

"तुमास्नी हसत्यात का कोंबड्याला, ते त्यास्नीच इचारा की."

आठ दिवसांत बांध जागेवर गेला. मला वाटलं आता कोंबडा वाचला. आक्कांनी तो आखाडात कापलाच, आणि रस्सा दिरांच्या घरी पाठवला. "बांध दिला तो कायद्यानं. कोंबडा माज्या समाधानाचा," म्हणाल्या.

दुसरी त्यांची गोष्ट एकवीस दिवसांची. कोंबडी अंड्यावर एकवीस दिवस बसते. कुणी वाकडं वागलं की आक्का तेवढे दिवस गप्प बसायच्या. भांडण नाही, शिवी नाही. समोरच्याला वाटायचं विसरल्या. एका घरची बाई रोज त्यांच्या खुराड्यातून दोन अंडी उचलायची. नाव लिहीत नाही, ती अजून आहे. आक्का मोजत गप्प राहिल्या. बाविसाव्या दिवशी खुडूक कोंबडीखालची नासकी अंडी काढून त्यांनी वरच्या थरात मांडली. त्याच दिवशी त्या बाईकडं मुलीला बघायला पाहुणे आले होते. पाहुण्यांसमोर परातीत अंडं फुटलं. वास आमच्या उंबऱ्यापर्यंत आला. आक्का दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. नुसतं म्हणाल्या, "पाव्हनं उटलं वाटतं."

कोंबडी विकतानाही त्यांची तऱ्हा होती. पैसे नंतर, आधी विचारायच्या, "कोन खानार?" बाळंतीणीला असेल तर अंडी घालायला न लागलेली तलंग द्यायच्या. हाड मोडलेल्याला थोराड कोंबडा, आणि पाय वेगळे बांधून द्यायच्या. तापातून उठलेल्याला पहिले आठ दिवस कोंबडीच नाही, "नुसतं पानी पाज रश्श्याचं, चोथा देऊ नगंस." पोरं दारूच्या बैठकीला मागायला आली तर हाकलायच्या. पाचगणीकडच्या एका हॉटेलवाल्याचा माणूस गाडी घेऊन आला होता, आठवड्याला शंभर पाहिजेत म्हणून. आक्का म्हणाल्या, "शंभर? त्या लिंबाला काय कोंबड्या लागत्यात व्हय?"

शेडातल्या कोंबडीचं त्यांना वावडं होतं, त्याला कारण त्यांचा मुलगा मारुती. तो चार वर्षं एका पोल्ट्रीत कामाला होता. तो सांगायचा, पाण्यातून रोज पावडर द्यायची, रात्रभर दिवा चालू ठेवायचा म्हणजे पाखरू खात राहतं, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत गाडी भरून जाते. मारुतीनं तिथली कोंबडी कधी तोंडात घातली नाही. आक्का म्हणायच्या, "जिला सोताला औषदाबिगर जगता येत न्हाई, ती आजाऱ्याला काय जगवनार?" शिकलेली माणसं म्हणायची तसं काही नसतं. आक्का म्हणायच्या, "नसंल. तुमी खावा. आजाऱ्याला माज्याकडची द्या."

आता विलासशेठ. विट्यात त्यांचं कोंबड्यांचं दुकान. तीन वर्षांपूर्वी ते आक्कांच्या दारात आले, गोड बोलले, आजाऱ्यांनाच देतो म्हणून महिन्याला दहा-बारा कोंबड्या चांगल्या भावानं घेऊ लागले. एकदा त्यांनी आक्कांना कोंबडा काखेत धरायला लावून मोबाईलवर फोटो काढला. आक्का लाजून हसल्या होत्या. आक्कांना तसं हसताना मी तेव्हा एकदाच बघितलं. पुढं हळूहळू शेठचं कोंबड्या न्यायला येणं बंद झालं.

पुढल्या साली आमच्या मालकांचं पोटाचं ऑपरेशन सांगलीला झालं. ड्रेसिंगला जाणं-येणं सोपं पडावं म्हणून आम्ही दोन महिने विट्यात नणंदेकडं राहिलो. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, कोंबडी द्या, नीट शिजवून द्या. कुठली कोंबडी ते काही बोलले नाहीत. पण आमच्या घरात आजाऱ्याला शेडातली घालायची कुणाची छाती नव्हती. आणि विलासशेठच्या दुकानावर हा एवढा मोठा बोर्ड, त्यावर शेवंताक्का कोंबडा काखेत धरून हसताहेत. खाली लिहिलेलं, आजीची अस्सल गावरान, घरगुती. परमुलखात आपलं माणूस भेटावं तसं मला झालं. एक कोंबडी सहाशे रुपये. मी दोन शेरडं विकली होती, त्यातून दर पाच-सहा दिवसांनी एक अशा अकरा कोंबड्या आणल्या.

गावी परत आल्यावर पहिली आक्कांकडं गेले. पाया पडून म्हणाले, "आक्का, तुमच्याच कोंबड्यांनी आमचं मालक उठलं बघा."

"माज्या? कवा न्हेल्यास तू?"

मी सांगितलं. आक्का गवरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. "चुलीवर केल्तीस?"

"न्हाई, नंदेचा कुकर हाय. तीन शिट्ट्या द्यायचो."

"आन् शिजायची?"

"लोण्यासारखी. हाडापासून सुटायची."

आक्कांनी शेणाचा हात तसाच धरून माझ्याकडं बघितलं. गावरान कोंबडी चुलीवर दीड तास रटरटते, तेव्हा कुठं तिची तंगडी दातानं तुटते, हे मला काय माहीत नव्हतं? वीस वर्षं मीच त्यांची कोंबडी शिजवत आले होते. पण बोर्डावर त्यांचं तोंड होतं. मला वाटलं होतं, शहरातल्या कुकरचा गुण असेल.

आक्कांनी मारुतीला विट्याला पाठवून त्याच दुकानातून एक जिवंत कोंबडी आणवली. रंगीत होती, दिसायला गावरानच. दिवस कलताना तिला दारात सोडली. आमच्या कोंबड्या एकेक करून लिंबावर चढल्या. ती खालीच बसली, भिंतीच्या कोपऱ्यात, जशी सिमेंटच्या फरशीवर बसायची सवय तशी. वर बघायचंसुद्धा तिला सुचलं नाही. आक्कांनी तिला उचलून चोच बघितली, तर टोक कापलेलं. शेडात एकमेकींना टोचू नये म्हणून कापतात, मारुतीनं सांगितलं.

"हिचा काय दोष न्हाई," आक्का म्हणाल्या आणि तिच्यापुढं मूठभर बाजरी टाकली. मग माझ्याकडं वळल्या. "तू चौथी शिकलीस न्हवं? वही घे. उद्या नवाची एस्टी."

विलासशेठच्या दुकानासमोर आक्कांनी पोतं अंथरलं, शेजारी डालग्याखाली आपली एक कोंबडी ठेवली आणि बसल्या. वर बोर्डावर आक्का, खाली पोत्यावर आक्का. नेसणंही तेच, निळं. मी त्यांच्या मागं वही घेऊन, पदर नाकापर्यंत ओढून.

एक बाई आली. आक्कांनी विचारलं, "कुनासाटी न्हेतीस गं?"

"सासऱ्यास्नी. अंगात रगत न्हाई म्हनत्यात."

"ह्यो फोटू कुनाचा?"

बाईनं वर बघितलं, खाली बघितलं. "अगं बया, तुमचाच की."

"मग ऐक. ह्या जाळीतली एक बी माजी न्हाई. ह्या समद्या शेडातल्या. आदी किती न्हेल्यास?"

"चार."

"लिही गं. नाव, कोन आजारी, किती कोंबड्या."

विलासशेठ धावत बाहेर आले. "आक्का, आवं उन्हात कशाला? आत या, च्या घ्या."

"च्या घिऊन आलोय."

"आसं काय करताय? धंदा हाय. समदेच करत्यात. गिऱ्हाइकाला कुटं चव कळती?"

"कळत न्हाई म्हनून तर त्यानं माजं तोंड बघितलं, गड्या. माज्या तोंडाकडं बघून लोकांनी आजाऱ्याच्या तोंडात घास घातला. शेडातली म्हनून इकली आसतीस तर मी हितं आले नसते."

विलासशेठनी माझ्याकडं बोट केलं. "हिचा नवरा बरा झाला न्हवं?"

"त्यो त्याच्या नशिबानं झाला. आन् नसता झाला तर? माज्या नावानं खडं फोडलं आसतं हिनं. व्हय का न्हाई गं?"

मी वहीचं पान उलटलं.

तीन दिवस लोक गंमत बघायला आले. कुणीतरी वर-खाली दोन्ही आक्कांचा फोटो काढला, तो सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. चौथ्या दिवशी विलासशेठनी बोर्ड काढला. आक्का तरी बसल्याच. "आता कशाला?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "बोर्ड काडला. खाल्लेलं कुटं काडलं?" पूर्वी नेलेली माणसं ऐकून ऐकून यायला लागली. मी लिहीत होते. कावीळ झालेला मुलगा. बाळंतीण. मांडीचं हाड मोडलेले मास्तर. ज्यांनी नुसतं चवीला नेलं होतं त्यांची नावं आक्कांनी घेऊ दिली नाहीत. "ढेकर दिऊन मोकळं झाल्यात ते. आजाऱ्याचंच लिही."

मधल्या दिवसांत एक पुढारी मिटवायला आले, तेच तेराव्याला भाषण करणारे. शाल आणि नारळ घेऊन आले. आक्कांनी नारळ तिथंच दगडावर फोडला, खोबरं डालग्यातल्या कोंबडीला घातलं आणि शाल परत दिली. विलासशेठची बायको रडत आली, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणाली. आक्कांनी तिला आपल्या किटलीतला चहा पाजला, डोक्यावरून हात फिरवला. "तुजं वाईट वाटतं बाय. जा आता." उठल्या मात्र नाहीत. मला त्या बाईची कीव आली. आणि खरं लिहायचं तर, दुकानाच्या रिकाम्या जाळ्या बघून बरंही वाटत होतं. माझी शेरडं आठवत होती.

एकविसाव्या दिवशी विलासशेठ पोत्यासमोर उकिडवे बसले. "काय करू सांगा. फरक देतो. शेडातल्या कोंबडीचा आन् गावरानचा जो भाव, त्यातला फरक देतो समद्यास्नी."

"फरक न्हाई. समदं. आन् पैसं दारात टाकून यायचं न्हाई. घरात जाऊन बसायचं. कुनाला काय खायला घातलं ते तोंडानं सांगायचं, मग द्यायचं."

"आवं आक्का, ते मास्तर मला मारतील."

"मारतील. मोडलेल्या मांडीचं हायती, लय जोरात न्हाई मारनार."

चौदा घरं होती. दिवाळीला सुरुवात झाली आणि आखाड आला तरी चालूच होतं, कारण विलासशेठकडं एकदम तेवढा पैसा नव्हता. एक घर झालं की त्या घरचा फोन माझ्या मोबाईलवर यायचा, मग मी आक्कांना सांगायची. मास्तरांनी मारलं नाही, तासभर उभं करून बोलले. एका घरची म्हातारी मधल्या काळात वारली होती. म्हातारपणानं गेली, कोंबडीचा संबंध नव्हता. विलासशेठनी विचारलं, तिथं कुणाला सांगू? आक्कांनी निरोप दिला, "फोटूला सांग." आणि त्यांनी सांगितलं. हार घातलेल्या फोटोसमोर हात जोडून, मी शेडातली दिली होती म्हणून. त्या घरच्या सुनेनंच मला सांगितलं. मी आक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं "हं" केलं आणि पिल्लांना दाणे टाकले. कुठल्या घरचं ऐकून त्यांचा चेहरा हलला नाही. एखादं घर राहिलं की मात्र जेवण जायचं नाही त्यांना.

श्रावणात आक्कांच्या पोटात पाणी झालं. मारुतीनं सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं. मी रोज डबा घेऊन जायची. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या, पण डोळे तसेच. रोज पहिला प्रश्न, "किती राह्यली?"

एका दुपारी विलासशेठ स्वतः वॉर्डात आले. वाळले होते. खाटेच्या पायाशी उभे राहून म्हणाले, "संपलं आक्का. काल शेवटचं घर झालं. चौदा झाली."

आक्का मला म्हणाल्या, "वाच."

मी वही काढून हळू आवाजात नावं वाचली. आक्का बोटाच्या पेरांवर मोजत होत्या. चौदा झाली. त्या थांबल्या, परत पहिल्या पेरावर आल्या.

"तुजं कुटाय?"

मी वही मिटली.

"तुजं नाव कुटाय गं त्यात?"

लिहिणारी मीच होते. आपलंच नाव आपण कसं लिहायचं, म्हणून मी लिहिलंच नव्हतं. आक्कांना वाचता येत नाही, कळणार नाही असं वाटलं होतं. मी म्हटलं, "र्‍हाऊ द्या आक्का. माजं काय न्हाई. इतकं झालं तेच लय झालं."

आक्का कोपरावर उठल्या. सलाइनची नळी ताणली गेली. "र्‍हाऊ द्या म्हननारी तू कोन? शेरडं इकलीस तू. नवरा मराया टेकल्याला, आन् माज्या तोंडाकडं बघून घास दिलास. तू माफ केलंस म्हंजी मी माफ केलं आसं व्हतं." मग विलासशेठकडं वळल्या. "अकरा कोंबड्या. हिचं राह्यलं."

विलासशेठनी मोबाईल काढला. "लगेच टाकतो हिच्या नंबरवर."

"फोनात न्हाई. मला दिसलं पायजेल."

ते गेले. अर्ध्या तासानं आले ते घाम पुसत. पाचशेच्या नोटा माझ्या हातात ठेवल्या. मी तशाच पदराखाली घ्यायला लागले.

"मोज," आक्का म्हणाल्या. "तोंडानं मोज. वॉर्डाला ऐकू जाऊ दे."

शेजारच्या खाटांवरची माणसं बघत होती. नर्स हातातला ट्रे धरून थांबली. पहिली नोट मी अंगठ्याखाली धरली. आक्का डोळे न मिटता माझ्याकडं बघत होत्या. मग मी मोजायला लागले. पाचशे. हजार. दीड हजार. तीन हजारांवर माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला. सहा हजारांना तो भिंतीवर आपटून परत येत होता. सहा हजार पाचशे. आणि शंभराची एक नोट.

"सहा हजार सहाशे," मी म्हटलं.

"कमी न्हाई?"

"न्हाई."

विलासशेठनी सुस्कारा सोडला आणि आक्कांच्या पाया पडायला वाकले. आक्कांनी दोन्ही पाय चादरीच्या आत ओढून घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं. ते तसेच वाकलेले थोडा वेळ राहिले, मग सरळ झाले आणि गेले.

मी पैसे पदराच्या टोकाला बांधले, दोन गाठी मारून. सगळे फिटले होते.